काल्पनिक संघाचा संसार
इंग्लंडांतील ‘फॅंटसी प्रीमियर लीग’ या खेळास प्रवेशमूल्य नाहीं. तेव्हां वडीलधाऱ्यांनीं त्यांत द्यूताचा वास घेऊं नये. काल्पनिक १० कोटी पौंडांत १५ खरे फुटबॉलपटू निवडावयाचे, एका क्लबाचे फार तर ३. त्यांच्या सामन्यांतील कामगिरीचे गुण आपणांस मिळतात. नवशिके दोघांतिघां नामांकितांवर रक्कम उधळतात व उरल्या जागीं बाकावर बसणारे गडी भरतात. हें आम्हांस अगदीं नापसंत आहे. ६० मिनिटें मैदानांत राहणाऱ्याचे २ गुण ठरलेलेच. म्हणून आधीं नित्य खेळणारे पाहावेत. कप्तानाचे गुण दुप्पट होतात, तेथें मात्र हात आखडूं नये. एका वाईट आठवड्यानें चिडून गडी बदलूं नयेत. फुकट बदल संपले कीं प्रत्येक बदलास ४ गुण कापतात. निवड वेळेवर आटोपावी. पहिल्या सामन्याच्या दीड तास आधीं दार बंद होतें.