कुठून घ्यायचे, कुठे थांबायचे?



घरातील मुलगा वा मुलगी संगणकाच्या वर्गाला जाऊ लागली की एका जागी हमखास अडते. पायथॉन ही भाषा ग्विडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली जगापुढे आणली. शिकायला सोपी, पण तिच्या यादीतील पहिल्या नोंदीचा क्रमांक एक नव्हे, शून्य असतो!

हिशेबाचेच उदाहरण घेऊ. एका महिला बचत गटाची एप्रिल ते मार्च अशी बारा महिन्यांची जमा ओळीने लिहिली आणि यादीला नाव दिले 'बचत'. (पायथॉनच्या २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून असे मराठी नाव चालते, आकडे मात्र इंग्रजी अंकांतच टाइप करावे लागतात.) आता एप्रिल शून्य, मे एक, असे करीत मार्च अकरा.

पहिली तिमाही हवी असेल तर लिहायचे बचत[०:३]. पहिला अंक सांगतो कुठून घ्यायचे, दुसरा सांगतो कुठे थांबायचे. ज्या क्रमांकावर थांबायचे, तो हाती येत नाही. म्हणजे शून्य, एक, दोन : एप्रिल, मे, जून. नवशिका बचत[०:२] लिहितो आणि जून गळतो. ५००, ५५० आणि ६०० मिळून १६५० व्हायला हवेत, तिथे १०५० येतात.

ही रीत उगाच नाही. चार तिमाह्या मांडून पाहा : [०:३], [३:६], [६:९], [९:१२]. एकीचा शेवट तीच दुसरीची सुरुवात. एकही महिना दोनदा येत नाही, एकही सुटत नाही. दुसऱ्या अंकातून पहिला वजा केला की नोंदी किती ते कळते. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ च्या एका टिपणात असाच युक्तिवाद केला होता. शेवटचे तीन महिने हवेत? बचत[-३:]. दर तिसरा महिना? बचत[::३].

आता खरी सावधगिरी. मार्चची रक्कम भरायचीच राहिली आणि यादीत अकराच नोंदी असल्या, तर बचत[११] विचारताच संगणक चूक दाखवून थांबतो. पण बचत[९:१२] विचारले तर तो मुकाट्याने दोनच महिने देतो. बेरीज होते, कागद छापला जातो, आणि कुणा भगिनीचा घामाचा पैसा हिशेबातून नाहीसा होतो. म्हणून तुकडा घेण्याआधी 'लेन' या आज्ञेने यादीची लांबी तपासावी. बारा आले तरच पुढे जावे.

आणखी एक. साध्या यादीचा तुकडा ही वेगळी नक्कल असते. त्यातील रक्कम बदलली तरी मूळ यादी तशीच राहते. नमपाय या गणिती साधनात मात्र असा तुकडा म्हणजे मूळ वहीवरची खिडकी. तिथे खोडले की मूळ वहीतच खोडले जाते! आधी 'कॉपी' करून घ्यावी.

यंत्र सांगितले तेवढेच करते. ताळा आपणच घ्यायचा. मुलांना आज एवढे करायला सांगा : बारा आकडे लिहा, चार तिमाह्या काढा, त्यांच्या बेरजा एकत्र करा आणि वर्षाच्या बेरजेशी जुळतात का ते पाहा.