सेंटोसाचे आकर्षण आणि लक्षद्वीपचे पाणी

नातवंडांच्या हट्टापुढे माझ्यासारख्या निवृत्त अधिकाऱ्याचा अधिकार चालत नाही. त्यामुळे सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर दोन दिवस काढले. मुले युनिव्हर्सल स्टुडिओत रमली. केबल कार, मत्स्यालय आणि बाहेरून आणलेल्या वाळूचे किनारेही त्यांना आवडले. व्यवस्था खरोखर वाखाणण्याजोगी आहे. बेटावरच्या बस फुकट आणि फलक नेमके, शिवाय लहान मुलाला घेऊन फिरणाऱ्याला कुठेही खोळंबावे लागत नाही.

इतिहासाच्या जुन्या विद्यार्थ्याची पावले मात्र पश्चिम टोकावरच्या सिलोसो किल्ल्याकडे वळली. या बेटाचे पूर्वीचे नाव ‘पुलाउ ब्लाकांग माती’. त्यात मृत्यूचा उल्लेख आहे. ब्रिटिशांनी येथे तोफा रोवल्या. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, तेव्हा शरण गेलेल्यांत चाळीस हजारांहून अधिक भारतीय सैनिक होते आणि त्यांच्यातूनच पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली. त्यानंतर जपान्यांनी चिनी नागरिकांची कत्तल केली आणि त्यातील कित्येकांची प्रेते याच किनाऱ्याला लागली. १९७० च्या दशकात बेटाला ‘सेंटोसा’, म्हणजे शांती, हे नाव मिळाले आणि गावकऱ्यांना मुख्य भूमीवर हलवण्यात आले. चिआ थाय पो हे विरोधी पक्षाचे माजी खासदार १९६६ पासून खटल्याविना कोठडीत होते. १९८९ मध्ये त्यांना तुरुंगातून काढून ठेवले ते याच सहलीच्या बेटावर, पहारेकऱ्याच्या एका खोलीत. रिकाम्या बेटावर शासनाला काय काय करता येते, याचे हे दोन्ही बाजूंचे दर्शन.

हे सारे आठवण्याचे कारण लक्षद्वीप. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांनी तेथील छायाचित्रे प्रसृत केल्यापासून आपल्याकडे ‘आपलेही सेंटोसा’ किंवा ‘आपलेही मालदीव’ अशी भाषा पुन्हा सुरू झाली आहे. सेवेत असताना अशा सादरीकरणांना मीही मान डोलावली आहे, हे कबूल करतो.

सेंटोसा सुमारे पाच चौरस किलोमीटरचे असून त्याचा बराच भाग भराव टाकून मिळवलेला आहे. मागे श्रीमंत महानगर उभे आहे; पाणी, वीज, सांडपाणी, कचरा यांची सोय तिथूनच होते. लक्षद्वीपची एकूण जमीन ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार तेथे ६४,४७३ लोक राहतात आणि त्यांतील सुमारे ९५ टक्के अनुसूचित जमातींचे आहेत. चौरस किलोमीटरला दोन हजारांहून अधिक माणसे, म्हणजे ही बेटे रिकामी नव्हेत. प्रवाळ बेटांवर गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की खारे पाणी वर येते, आणि शौचकूपांचे सांडपाणी झिरपले की विहीर बाद होते. कवरत्तीत २००५ पासून दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा निःक्षारीकरण प्रकल्प चालतो, तो याच टंचाईपोटी. हॉटेलातला पाहुणा गावकऱ्याच्या कितीतरी पट पाणी वापरतो, हे कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याला ठाऊक असते.

२०२१ मधील विकास प्राधिकरणाच्या मसुद्याला बेटवासीयांनी विरोध केला, तेव्हा दिल्लीत त्याला मागासलेपण म्हटले गेले. त्या मसुद्यात विकासाच्या नावाने जमीन ताब्यात घेण्याचे विस्तृत अधिकार प्रशासनाला मिळत होते. तेथील माणसाला स्थलांतरासाठी मुख्य भूमीवर दुसरे घर नाही. त्याने सावध राहणे मला तरी समंजसपणाचे वाटते.

सेंटोसाकडून घेण्यासारखे काही नाही, असे नव्हे. १९७२ मध्ये बेटासाठी एकच वैधानिक महामंडळ नेमले गेले, आणि आजही दोष द्यायचा तर कोणाला, हे माहीत असते. केबल कार १९७४ ची, मुख्य भूमीला जोडणारा रस्ता १९९२ चा, स्टुडिओ २०१० चा. चाळीस वर्षे घाई केली नाही. कॅसिनोत शिरताना सिंगापूरच्या नागरिकाला दिवसाला १५० डॉलर भरावे लागतात, परदेशी पाहुण्याला काहीच नाही. आपल्या माणसाला कशापासून जपायचे, हे त्या सरकारने आधी ठरवले होते.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. रवींद्रन समितीने लक्षद्वीपसाठी बेटागणिक व्यवस्थापन आराखड्यांची दिशा घालून दिली होती. कोणत्या बेटावर किती पाणी आणि किती माणसे, हा हिशेब त्या दिशेने मांडून ग्रामसभेपुढे मल्याळम आणि महल भाषांत ठेवावा. निविदेची फाईल त्यानंतर उघडली तरी चालेल.