गाडीची नाडी : न मागता मिळालेली रेस

पाय दाबूनही गाडी पळाली नाही तर मालक चिडतो. पण पाय काढल्यावरही इंजिन धावत राहिले तर तो घाबरतो. आणि घाबरलेल्या मालकाला कोणीही काहीही विकू शकतो, हा या सदराचा जुना सिद्धांत. यंदा त्याचा दाखला शोधायला बाहेर जावे लागले नाही, घरातच मिळाला.

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. पुण्याहून साताऱ्याला बहिणीकडे निघालो होतो. मागे आई, तिच्या मांडीवर अनारशांचा डबा. आठवडाभर गाडीला एक खोड जडली होती. सिग्नलला उभी राहिली की इंजिन आपणहून रेस घेई. जो काटा मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास राहायचा, तो १८०० वर जाऊन बसे. शहरातल्या एका वर्कशॉपने 'कॉम्प्युटर बदला' असे सांगून जो आकडा काढला, तो ऐकून मी 'दिवाळीनंतर पाहू' म्हटले आणि तसाच निघालो.

शिरवळला चहाला थांबलो. शेजारच्या गॅरेजातले म्हातारे मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून स्वतःच उठून आले. म्हणाले, "काका, बंद करू नका. बॉनेट उघडा. आणि ब्रेक हल्ली जड लागतोय का?"

लागत होता. दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध असेल, हे मात्र माझ्या डोक्यात आले नव्हते.

मिस्त्रींनी पुढे काय केले ते कळायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेट्रोल इंजिनाची गती आपण पेट्रोलने नव्हे, हवेने ठरवतो. पायाखालचा एक्सिलरेटर थ्रॉटलची झडप उघडतो. जितकी हवा आत जाईल तितके पेट्रोल सोडायचे काम पुढची यंत्रणा करते. तेव्हा रेस आपोआप वाढली, की प्रश्न एकच : जास्तीची हवा कोणत्या वाटेने आली? की इंजिनालाच ती हवी आहे असे कोणी खोटे सांगितले?

म्हणून तपासही पायापासून वर करावा. पायपुसणे सरकून पेडलवर चढले आहे काय? जिथे तार असते तिथे तिला थोडा ढिलेपणा आहे काय? झडप काजळीने अडकते काय? रिकाम्या गतीपुरती हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला तरी हेच दुखणे होते. मग खोटे सांगणारा साक्षीदार : पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर. तो बिघडून 'इंजिन थंड आहे' असे सांगत राहिला, तर गाडी दुपारीही सकाळसारखी तेज चालते. थंड इंजिनाने पहिली काही मिनिटे १२०० ते १५०० फेरे घेणे हा मात्र रोग नव्हे. गरम होताच काटा खाली आला पाहिजे.

आणि शेवटी चोरवाट. थ्रॉटलच्या पलीकडे जेवढ्या रबरी नळ्या आहेत, त्यांतली एखादी फुटली तर हवा झडपेला वळसा घालून आत शिरते. माझ्या गाडीसारख्या काही गाड्या आतल्या दाबावरून हवेचा अंदाज घेतात. चोरून आलेल्या हवेलाही त्या इमानाने पेट्रोल देतात, आणि फेरे चढतात. ज्या गाड्या आत येणारी हवा दारातच मोजतात, त्यांचे इंजिन अशा वेळी बहुधा अडखळते.

मिस्त्रींनी कान लावला. बारीक फुसफुस येत होती. पकडीला फडके गुंडाळून त्यांनी एकेक नळी दाबली. तिसरी दाबताच काटा सरळ खाली आला. ती नळी ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी! इंजिनातल्या ओढीच्या जोरावर बूस्टर आपल्या पायाला मदत करतो. नळी चिरली की इंजिन रेस घेते आणि ब्रेकचा आधार जातो. पुढे खंबाटकीचा घाट होता, आणि मागे आई बसली होती. मी काही बोललो नाही.

नवी नळी यायला तासभर लागला. खर्च अनारशांच्या साहित्याहून कमीच. मग मिस्त्रींनी एक परीक्षा शिकवली, ती वाचकांनी आजच करून पाहावी. इंजिन बंद करून ब्रेक चारपाच वेळा दाबा, म्हणजे तो कडक होईल. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. गेले नाही, तर त्या दिवशी गाडी घाटात नेऊ नका. आणि गळती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडणारा कारागीर भेटला, तर गाडी घेऊन निघून या.

चालत्या गाडीत रेस अडकली तर? ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा. पुन्हा पुन्हा दाबाल तर बूस्टरमधला साठा संपेल. गिअर न्यूट्रलमध्ये आणा. इंजिन ओरडले तरी ओरडू द्या. गाडी कडेला उभी राहिल्यावरच ते बंद करा. चालत्या गाडीत चावी काढू नका, स्टिअरिंग अडकेल. डिझेलचे तंत्र निराळे. ते इंजिन कधी स्वतःचेच ऑईल पिऊन धावू लागते आणि चावीलाही जुमानत नाही. त्याविषयी पुन्हा केव्हा तरी.

साताऱ्याला पोचायला उशीर झाला. बहीण ओवाळण्याआधी रागावली. आईने तिला एवढेच सांगितले, "अगं, वाटेत एक चांगला माणूस भेटला." अनारशांचा डबा अर्धा का, हे तिला तेव्हा कळले. उरलेले अर्धे शिरवळला होते.