काढ्याचा स्वाद आणि गुणांचा जाच

पाहुण्यापुढें गवती चहाचा पेला ठेवावा, तर घोट घेण्यापूर्वींच तो विचारतो, "घरांत कोणास सर्दी झाली आहे काय?" सर्दी कोणासही नाहीं असें सांगितलें, कीं त्याचा दुसरा प्रश्न तयार असतो, "मग प्रतिकारशक्तीसाठीं घेतां वाटतें?" आवडतो म्हणून घेतों, हें उत्तर त्यास उत्तरच वाटत नाहीं. दूधसाखरेच्या चहास मात्र असा जाब कोणी विचारीत नाहीं. तो तल्लफ आली म्हणून प्यावा, कंटाळा आला म्हणून प्यावा, किंवा चार माणसें जमलीं म्हणून प्यावा. त्याचें सर्व क्षम्य! मग गवती चहा, आल्याचें पाणी, पुदिन्याचें पाणी, सुंठीचा काढा या घरगुती पेयांनींच आपल्या गुणांचा दाखला हातीं घेऊन फिरावें, हा न्याय कोठला ? आमचें म्हणणें असें कीं, हीं पेयें प्रथम चवीचीं आणि सुखाचीं आहेत. त्यांस औषधांच्या रांगेंत नेऊन उभें करणाऱ्या उत्साही मंडळींनीं चवीचेंही नुकसान केलें आहे आणि औषधाचेंही.

या उत्साहास उधाण आलें तें सन २०२० मध्यें. करोनाची सांथ देशांत शिरली, तेव्हां केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयानें स्वास्थ्यरक्षणाच्या कांहीं सूचना प्रसिद्ध केल्या. तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसांतून एकदां अथवा दोनदां घ्यावा, अशी त्यांत एक सूचना होती. हा करोनावरील उपचार आहे, असा दावा त्या सूचनांत नव्हता. पण भ्यालेल्या माणसास मर्यादा दिसत नाहीं. दोन वेळांच्या चार वेळा झाल्या, पांच जिनसांच्या दहा झाल्या आणि कित्येक घरांतून गुळवेलही रोज उकळूं लागली. पुढें सन २०२१ मध्यें, गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीकत मुंबईच्या डॉक्टरांनीं वैद्यकीय नियतकालिकांत मांडली. आयुष मंत्रालयानें तो निष्कर्ष मान्य केला नाहीं. आणि त्या वादाचा निवाडा करणें हें आमचें काम नव्हे. परंतु जिच्या अंगीं रोग हटविण्याचें सामर्थ्य आहे असें आपण मानतों, त्या वस्तूच्या अंगीं अपाय करण्याचेंही सामर्थ्य असूं शकतें, एवढें तरी कोणासही कळावें. ज्येष्ठमधाचेंच उदाहरण घ्या. गोड लागतो म्हणून तो रोज भरपूर उकळून घेत राहिल्यास रक्तदाब वाढूं शकतो व रक्तांतील पोटॅशियम घटूं शकतें, ही गोष्ट वैद्यकांत सुप्रसिद्ध आहे. "झाडपाल्याचें आहे, त्यानें काय होणार ?" आणि "यानें सारे रोग दूर पळतात" हीं दोन वाक्यें एकाच तोंडीं शोभत नाहींत.

यावर आयुर्वेदाचा आधार पुढें करण्यांत येतो. पण तो आधार घेणाऱ्यांनीं मूळ ग्रंथ उघडून पाहिला आहे काय ? शार्ङ्गधरसंहितेंत वनस्पतींचीं औषधें सिद्ध करण्याच्या पांच मूळ रीती सांगितल्या आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. क्वाथ म्हणजे द्रव्याच्या सोळापट पाणी घालून तें अष्टमांश उरेपर्यंत आटविणें. फांट म्हणजे कुटलेल्या द्रव्यावर ऊन पाणी ओतून गाळून घेणें. हिम म्हणजे द्रव्य थंड पाण्यांत रात्रभर ठेवून सकाळीं गाळणें. येथें मात्रा आहे, माप आहे, आणि मुख्य म्हणजे रोगी पाहून औषध ठरविणारा वैद्य आहे. एकच काढा सर्व प्रकृतींच्या सर्व माणसांनीं सर्व ऋतूंत प्यावा, हा उपदेश या शिस्तींत बसत नाहीं. आपल्या चुलीवर दोन पेले पाण्यांत गवती चहाचीं चार पातीं पडतात, उन्हाळ्यांत धणे-जिरें रात्रीं भिजत पडतें, माठांत वाळ्याची जुडी सोडली जाते. हीं सारीं फार तर फांटाचीं आणि हिमाचीं दूरचीं नातलगें होत. वाळ्याचें पाणी पिणारा माणूस औषध घेत नसतो. त्यास तहान लागलेली असते आणि त्यास वाळ्याचा वास आवडतो.

दुसरीकडे, या पेयांत कांहींच गुण नाहीं, तीं म्हणजे नुसतें वासाचें गरम पाणी, असें म्हणून नाक मुरडणारे विद्वानही आहेत. त्यांचें विधान आम्ही वादापुरतें संपूर्ण मान्य करतों. पण त्यावरून काय सिद्ध झालें ? पावसाळी संध्याकाळीं हातांत ऊन पेला धरण्याचें सुख, आल्याची जिभेस लागणारी चुरचुर, गवती चहाचा घरभर पसरणारा दरवळ, हीं खोटीं आहेत काय ? चहा तरी आपल्यांत रुजला तो कोणत्या गुणांवर ? सन १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून ग्रामण्य माजलें आणि टिळक-रानड्यांसारख्यांसही प्रायश्चित्ताचा विषय टाळतां आला नाहीं. त्या वादाचें मूळ मिशनच्या घरच्या पेल्यांत होतें, चहाच्या पानांत नव्हतें हें खरें. पण ज्या पेल्यानें तेव्हां पुणें ढवळून निघालें, तो आज देवघराबाहेर सर्वत्र आहे. सन १९०३ च्या कायद्यानें चहाच्या निर्यातीवर उपकर बसला, त्यांतून चहाच्या प्रचारास पैसा मिळाला, आणि पुढें तो प्रचार हिंदुस्थानांतही जोरानें झाला. जाहिरात, संवय आणि चव या तिघींनीं मिळून चहास घरचा केला. जो परका होता त्यास चवीवर प्रवेश मिळावा, आणि परसांत उगवणाऱ्या गवतानें मात्र गुणांची यादी सादर करावी, हा उलटा व्यवहार झाला.

या गुणगौरवानें खरी हानि झाली आहे ती करण्याच्या कलेची. औषध म्हटलें कीं तें कडू, तिखट, घशास झोंबणारें असावें, अशी समजूत. म्हणून हातास येईल तें पातेल्यांत टाकून अर्धें होईपर्यंत आटवावें, हीच रीत रूढ झाली. वस्तुतः प्रत्येक जिनसाचा स्वभाव निराळा. गवती चहाचा वास मुख्यतः सिट्रल नांवाच्या द्रव्याचा, आणि तें वाफेबरोबर उडून जाणारें. म्हणून पातीं पाण्यांत पडतांच झाकण घालावें, एक उकळी येऊं द्यावी आणि पातेलें खालीं उतरून थोडा वेळ तसेंच ठेवावें. पुदिना व तुळस तर उकळूंच नयेत. पानें हातानें चुरडून त्यांवर ऊन पाणी ओतलें कीं पुरे. दालचिनीची साल टणक, तिला मात्र उकळीवांचून सुटका नाहीं. आलें वाळून सुंठ झालें म्हणजे त्यांतील तिखट द्रव्याचें रूपांतर होऊन तें अधिक जहाल बनतें. म्हणून आलें किसून घालावें, पण सुंठ चिमटीनें. गूळ शेवटीं. हें ज्ञान कोणत्याही आरोग्यविषयक लेखांत सहसा सांपडत नाहीं, कारण तेथें जिभेचा विचारच नसतो.

आणि या अज्ञानावर दुकानदारी उभी आहे. कुंडींत एक ठोंब लावला तर जें गवत वर्षानुवर्षें फुटत राहतें, शेजारणीनें मागितलें तर मूळासकट उपटून देतां येतें, त्याचीच वाळलेली भुकटी 'हर्बल टी' या नांवानें चकचकीत डबींत भरून, वजन उतरविण्याचें, झोंप आणण्याचें व रक्त शुद्ध करण्याचें आश्वासन देऊन विकली जाते. ती घेणारा चवीसाठीं पैसे देत नाहीं, आश्वासनासाठीं देतो.

आजी सर्दी झालेल्या नातवास काढा देत असे, तें काय चूक होतें, असें कोणी विचारील. मुळींच नव्हे. घसा शेकला जातो, जीव रमतो, आजारपणांतील तास बरा जातो. एवढें काम त्या पेल्यानें केलें तरी तें थोडें नाहीं. पण ताप उतरत नसतां, दम लागत असतां "काढा चालू आहे" म्हणून डॉक्टरांकडे जाणें लांबणीवर टाकणें हा आजीचा वारसा नव्हे. ज्यांस या वनस्पतींचा औषधी उपयोग करावयाचा असेल, त्यांनीं तो जाणत्या वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानें, मापानें, आणि चालू असलेलीं इतर औषधें त्यांस सांगून करावा. बाकीच्यांनीं कुंडींतलीं चार पातीं तोडावीं, झाकण घालावयास विसरूं नये, आणि चव बिघडली तर उद्यां एक पात कमी घालून पाहावी.