आधी टाकीचं बोला, मग होडीचं



भंडाऱ्याकडे गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर जलपर्यटन प्रकल्प हाती घेतल्यापासून चोरखमाऱ्याच्या तलावातही होड्या, तरंगती घरे आणा, अशी मागणी होणार हे उघड आहे. नागझिरा अभयारण्याचे दार इथेच आहे, पर्यटक येतातच, मग पाण्यावर दोन पैसे मिळाले तर बिघडले काय? माझा होडीला विरोध नाही. होडीतल्या संडासाला आहे. आणि काठावरच्या संडासांबद्दल तर त्याहून जास्त बोलायचे आहे.

संडास असलेल्या होडीच्या पोटात मैल्याची टाकी असते. थंड देशांत हिवाळ्याआधी ही टाकी धक्क्यावरच्या पंपाने उपसतात, धुतात आणि नळ्यांतून न गोठणारे बिनविषारी द्रव फिरवतात. नाहीतर आत राहिलेले पाणी गोठून फुगते आणि पंप, नळ्या तडकतात. गोंदियाचा पारा थंडीत विदर्भात अनेकदा सर्वांत खाली असतो, पण आमचे पाणी काही गोठत नाही. त्यामुळे द्रवाचा खर्च वाचेल. उपशाचा मात्र वाचणार नाही, आणि उपसा करणारा धक्का आपल्याकडे कुठे आहे? आंतरराष्ट्रीय नियमानुसार जहाजालासुद्धा कच्चा मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपलीकडेच सोडता येतो. चोरखमाऱ्याच्या तलावात मधोमध उभे राहिले तरी काठावरची म्हैस ओळखू येते!

हा तलाव 1923 चा, सिंचनासाठी बांधलेला. इथेच एक मेख आहे. 2017 चे पाणथळ जागांचे नियम सिंचनासाठी बांधलेल्या जलाशयांना लागू होत नाहीत. ते पाहून कुणी समजेल की इथे काहीही चालेल. तसे नाही. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यात कृत्रिम जलाशयही येतो आणि त्यात घाण सोडण्यास मनाई आहे. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात जलयानांमुळे होणाऱ्या प्रदूषणावर वेगळे प्रकरणच आहे. कायदा कमी पडत नाही. तो कुणी वापरायचा, एवढाच प्रश्न आहे. हे पाणी धानाच्या बांध्यांत जाते. रोवणीला बायाबापड्या त्याच पाण्यात गुडघाभर उभ्या राहून पऱ्हे लावतात. ढिवर बांधवांची मासेमारीही त्याच पाण्यावर. पर्यटक दोन दिवसांनी परत जातो, हे लोक जात नाहीत.

आता काठावरचे. पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्यांना सेप्टिक टँक असतो. त्यातला गाळ साधारण दोन-तीन वर्षांनी काढावा लागतो. नाही काढला तर टाकीत मैला थांबतच नाही, सरळ पुढे वाहतो. आपल्याकडे टाकी आठवते ती तुंबल्यावर, आणि तुंबते बहुतेक वेळा पावसाळ्यात, जमीन पाणी पिईनाशी झाल्यावर. त्या वेळी गाडी बोलावणे म्हणजे सगळ्यात चुकीची वेळ साधणे. भूजल वर आलेले असताना टाकी पूर्ण रिकामी केली तर खालचे पाणी तिला वर उचलते, भिंतींना तडे जातात. शिवाय उपसलेला मैला नाल्याकाठी ओतला तर दुसऱ्याच सरीत तो तलावात येतो. म्हणून आपला खरा 'हिवाळा' जूनमध्ये सुरू होतो आणि टाक्यांची तयारी मे महिन्यातच व्हायला हवी. उपसताना तळाशी थोडा गाळ राहू द्यावा, मग टाकीत पाणी भरावे. फिनेल आणि ॲसिड ओतून 'स्वच्छ' करण्याचा शहाणपणा नको. मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात.

आणि कुणालाही टाकीत उतरवू नये. आतला वायू क्षणात माणसाला पाडतो. 2013 च्या कायद्याने टाकी साफ करण्याचे काम सुरक्षा साधनांशिवाय माणसाकडून करून घेण्यास बंदी आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी 30 लाख रुपये भरपाई ठरवली. ज्यांना यंत्राची गाडी महाग वाटते, त्यांनी ही रक्कम लक्षात ठेवावी.

टाक्या वेळेवर उपसणे शक्य आहे का? वाई आणि सिन्नर या आपल्याच राज्यातल्या गावांनी करून दाखवले आहे. तिथे टाकी तुंबायची वाट पाहत नाहीत. पाळीने घरोघरी गाडी जाते, दर तीन वर्षांनी एकदा, आणि मैला नगरपालिकेच्या प्रक्रिया केंद्रावर उतरतो. त्या नगरपालिका आहेत, आम्ही खेडी, हा युक्तिवाद मला मान्य नाही. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागाच्या दुसऱ्या टप्प्यात मैला गाळाच्या व्यवस्थेला पैसा ठेवलेला आहे. तालुक्यातल्या ग्रामपंचायती मिळून एक गाडी आणि तलावाच्या पाणलोटाबाहेर वाळवण वाफे नक्की उभारू शकतात. गावात ज्यांचे दोन खड्ड्यांचे संडास आहेत, त्यांना तर गाडीही लागत नाही. भरलेला खड्डा वर्ष-दीड वर्ष बंद ठेवला की त्याचे खत होते. प्रश्न मोठ्या टाक्यांचा, म्हणजे धंदेवाल्यांचा आहे.

तेव्हा जिल्हा परिषद, वन विभाग आणि पाटबंधारे विभागाला माझी विनंती: चोरखमाऱ्याभोवतीच्या प्रत्येक निवासाकडून दरवर्षी 31 मेपर्यंत टाकीची तपासणी करून घ्या, आणि टाकी उपसली असेल तर मैला कुठे उतरवला याची पावती मागा. पावती नसेल तर ऑक्टोबरमध्ये पर्यटक घेण्याची परवानगी देऊ नका. होड्या आणायच्याच असतील तर बिनसंडासाच्या, वल्ह्याच्या आणा, आणि संडास काठापासून दूर जमिनीवर बांधा.

— एक वाचक,
चोरखमारा (ता. तिरोडा, जि. गोंदिया)