काळ सोकावतो तेव्हा...

‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो’ ही म्हण मराठी माणसाला नव्याने समजावून सांगावी लागत नाही. युरोपच्या मुत्सद्द्यांना मात्र तिचा अर्थ कळण्यासाठी एक महायुद्ध ओढवून घ्यावे लागले.

७ मार्च १९३६ रोजी हिटलरने व्हर्साय आणि लोकार्नोचे करार पायदळी तुडवून ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवले. फ्रान्सचे लष्कर त्या वेळी अधिक बलवान होते. ते चालून आले असते, तर आपल्याला माघार घ्यावी लागली असती, अशी कबुली पुढे हिटलरनेच आपल्या निकटवर्तीयांजवळ दिली. पण फ्रान्स हलला नाही. जर्मनी आपल्याच परसात शिरला, त्यात बिघडले काय, असा सूर लंडनमध्ये निघाला. काळ सोकावला तो तेव्हा!

मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत झाला. मग पाळी आली चेकोस्लोव्हाकियाची. तेथील सुमारे ३० लाख जर्मन भाषकांच्या रक्षणाचे निमित्त पुढे करण्यात आले आणि युरोपातील ही आपली शेवटची मागणी आहे, अशी ग्वाही देण्यात आली. त्याच सप्टेंबरअखेर म्युनिक येथे ब्रिटन, फ्रान्स, इटली व जर्मनी यांनी त्या देशाचे लचके तोडण्याचा निर्णय घेतला. ज्याचे घर वाटले जात होते, त्याला बैठकीत बसूही दिले नाही. चेंबरलेन शांततेचा कागद फडकावीत मायदेशी परतले आणि जनतेने त्यांचा जयजयकार केला. सहा महिने पुरते उलटण्याआधीच, १५ मार्च १९३९ रोजी, जर्मन सैन्य प्रागमध्ये होते.

एक घास टाकला की हुकूमशहाची भूक शमेल, या समजुतीतच सारी फसगत होती. वस्तुतः प्रत्येक घासाने त्याचे बळ वाढत होते. ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेतील सोने बर्लिनच्या तिजोरीत गेले. सुदेतेन प्रदेशाबरोबर चेकोस्लोव्हाकियाची सीमेवरील तटबंदी गेली. पाठोपाठ स्कोडाचे शस्त्रास्त्र कारखाने गेले. १९४० मध्ये फ्रान्स तुडवणाऱ्या रणगाड्यांत चेक बनावटीचे रणगाडेही होते. बळीचीच शस्त्रे पुढच्या बळीवर चालली!

याहून मोठी हानी जर्मनीच्या आत झाली. लोकशाहीत चुकणाऱ्या नेत्याला संसद, वृत्तपत्रे, विरोधक अडवू शकतात. हुकूमशाहीत त्याला अडवू शकते ते केवळ अपयश. चेकोस्लोव्हाकियावरील स्वारीस विरोध करणारे लष्कराच्या जनरल स्टाफचे प्रमुख लुडविग बेक यांनी ऑगस्ट १९३८ मध्ये पद सोडले. युद्ध पेटल्यास हिटलरला पदच्युत करण्याच्या विचारात काही अधिकारी होते. म्युनिकने त्यांच्या पायाखालची वाळूच काढून घेतली. रक्त न सांडता विजय मिळवून देणाऱ्या नेत्याला चुकीचे कोण ठरवणार?

पोलंडची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. चेकोस्लोव्हाकियाच्या फाळणीत पोलंडनेही तेशेनचा तुकडा पदरात पाडून घेतला. अकरा महिन्यांत तो स्वतःच भक्ष्य झाला. ब्रिटनने त्याला मार्च १९३९ मध्ये संरक्षणाची हमी दिली होती. पण तीन वर्षे नमते घेणाऱ्यांच्या शब्दावर हिटलरने विश्वास का ठेवावा? २३ ऑगस्टला त्याने स्टालिनशी करार केला आणि १ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला चढवला.

३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारले आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानला न विचारताच त्यात ओढले. युद्ध संपेपर्यंत सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात दाखल झाले होते. माणगाव परिसरातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसने त्यांच्या पराक्रमाचा गौरव झाला.

ऱ्हाइनलँड कोठे आणि कोकण कोठे! आक्रमकाला वेळीच रोखण्याची किंमत चुकवली, की ती व्याजासह फेडावी लागते. आणि फेडणारे बहुधा ते नसतात, ज्यांनी ती चुकवलेली असते.