स्टीअरिंगच्या पोटात काय आहे, विचारा तरी!

जुनी गाडी घरात आली की आपण तिला हळदकुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, नारळ फोडतो. एसी गार करतो का, गाणी वाजतात का, मागे चौघं मावतात का, एवढं बघून झालं की आपली चौकशी संपते. बाकी सगळं ‘ह्यांना’ माहीत आणि गॅरेजवाल्याला माहीत! भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, गाडीच्या बाबतीत मात्र तोंडाला कुलूप लावून बसतो.

परवा आमच्या महिला मंडळात हा विषय निघाला. एकीच्या गाडीचा हॉर्न वाजेना, म्हणून कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये स्टीअरिंगचा मधला भाग उघडला. त्यातली एअरबॅग काढून बाजूला ठेवली, ती परत बसवलीच नाही. समोरच्या बोर्डावर लाल दिवा लागायला लागला, तर मिस्त्रीने तोही बंद करून दिला. वर म्हणतो, “वहिनी, आता काही त्रास नाही!” दुसरीने सांगितलं, आमच्याकडे छोटा अपघात झाला तेव्हा बॅग फुटली. नवीन फार महाग म्हणून वरची नुसती टोपी चिकटवून घेतली. बाहेरून बघा, गाडी अगदी नव्यासारखी!

हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. कारण एअरबॅग म्हणजे शोभेची उशी नव्हे. गाडी समोरून जोरात आदळली की सेन्सर वीज सोडतो, स्टीअरिंगमधल्या डबीतलं रसायन पेटतं आणि त्यातून निघालेल्या वायूने पिशवी फुगते. हे सगळं साधारण ३० मिलीसेकंदांत होतं. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे आपल्या छातीसमोर एक छोटासा, नीट कोंडून ठेवलेला स्फोट असतो. वेळेवर झाला तर तो जीव वाचवतो. भलत्या वेळी झाला, तर?

भलत्या वेळी म्हणजे कधी, तर गॅरेजमध्ये. तिथे स्टीअरिंगवर वाकून स्क्रू काढणारा बहुतेकदा सोळा-सतरा वर्षांचा पोऱ्या असतो. बॅटरी चालू, चावी लावलेली, आणि त्याचं तोंड त्या टोपीपासून वीतभर अंतरावर. त्याला कोणी शिकवलेलं नसतं, की ही वस्तू हातोडीने ठोकायची नाही, तापवायची नाही आणि मीटर लावून तपासायचीही नाही. मीटरचा थोडासा करंटसुद्धा ती पेटवायला पुरू शकतो. उद्या त्याचा डोळा गेला तर कोण भरून देणार? तोही कुणाचा तरी मुलगाच आहे ना?

एअरबॅग कधी काढूच नये असं मी म्हणत नाही. हॉर्नचं काम निघतं, स्टीअरिंगमागची गुंडाळी वायर तुटते, तेव्हा ती काढावीच लागते. कधी कंपनीच भाग बदलायला गाडी परत बोलावते. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं रसायन उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून खराब व्हायचं, आणि पिशवी फुगताना धातूचे तुकडे उडायचे. त्यामुळे जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. आपल्याकडेही होंडासह काही कंपन्यांनी हा भाग फुकट बदलून दिला. तुमची गाडी आठ-दहा वर्षांपूर्वीची असेल, तर चासिस नंबर सांगून शोरूममध्ये एकदा विचारून घ्या. विचारायला पैसे पडत नाहीत.

पण काढायची तर रीत आहे, आणि ती आपल्यालाही माहीत हवी. आधी गाडी बंद करून चावी बाहेर काढायची. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून बाजूला करायची. त्यानंतर थांबायचं! वायर सोडली तरी यंत्रणेत थोडी वीज साठून राहिलेली असते. नेमकं किती थांबायचं ते त्या गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात दिलेलं असतं, पण दहा-पंधरा मिनिटं तरी हात लावू नये. मगच स्टीअरिंगच्या मागून स्क्रू किंवा क्लिप सोडवायच्या, आणि बहुधा पिवळ्या रंगाचं असतं ते कनेक्टर ओढाताण न करता काढायचं. बॅग उचलताना टोपीची बाजू अंगाकडे धरायची नाही. ठेवताना टोपी वर आणि धातूची बाजू खाली. उलटी ठेवली आणि उडाली तर अख्खी डबीच वर उसळते. काम झालं की तीच बॅग परत बसवायची, आणि बॅटरी जोडताना गाडीत कुणी बसायचं नाही. शिकलेल्या मेकॅनिकला हे सगळं पाठ असतं. ज्याला नसतं, त्याच्या हाती गाडी देऊ नये, एवढं साधं आहे.

काही जणी म्हणतील, एअरबॅगनेच मूल दगावल्याचं वाचलंय, मग नसलेलीच बरी. खरं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये वाशीला पुढच्या सीटवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा एअरबॅग उघडल्यानंतर जीव गेला. वाचून घास उतरला नव्हता. पण यातून शिकायचं काय? बॅग उपटून टाकायची नाही, मुलाला मागे बसवायचं. बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलांची जागा मागेच, बेल्ट लावून. तान्ह्याला मांडीवर घेऊन पुढे बसायची आपली सवय आधी मोडायला हवी. ‘रडतोय म्हणून घेतलं’ हे अपघाताला कळत नाही. आणि चालवणारीनेही स्टीअरिंगपासून निदान वीतभर, शक्यतो दहा इंच लांब बसावं. बेल्ट तर हवाच. स्टीअरिंगवर ‘एसआरएस’ अशी अक्षरं असतात, त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थच ‘पूरक’ असा आहे. बेल्टला पूरक, बेल्टच्या बदल्यात नव्हे.

सरकारने १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची केली. शेजारच्या सीटसाठी २०२१ मध्ये नियम आला. कायदा झाला, छान झालं. पण गाडी शोरूममधून निघून तिसऱ्या मालकाकडे, आपल्या तालुक्याच्या गावात पोचेपर्यंत त्या टोपीखाली काय उरलंय, हे कोण बघतं? दिल्ली पोलिसांनी २०२४ मध्ये नामांकित कंपन्यांच्या नावाने बनावट एअरबॅग बनवणारी टोळी पकडली. म्हणजे स्वस्तातली ‘नवीन’ बॅगसुद्धा डोळे झाकून घेण्यात अर्थ नाही. भंगारातली तर नाहीच.

मग आपण काय करायचं? एक सोपी परीक्षा सांगते. चावी फिरवली की बोर्डावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. लागलाच नाही, तर कुणीतरी तो बंद केला असावा. लागला आणि विझलाच नाही, तर यंत्रणेत दोष आहे. जुनी गाडी घेताना हे आपण स्वतः बघायचं. आणि गॅरेजमध्ये स्टीअरिंग उघडणार असतील तर बिनधास्त विचारायचं. बॅटरी सोडली का? किती वेळ झाला? काढलेली बॅग कुठे ठेवली आणि परत बसवणार ना? मिस्त्री हसेल. घरचेही म्हणतील, “तुला काय कळतंय त्यातलं?” म्हणू देत. कुकरची शिट्टी उडाली तर काय होतं, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळतं? कोंडलेल्या वाफेशी रोज व्यवहार करणाऱ्या बायका आपण, कोंडलेला वायू आपल्याला का कळू नये?

गाडी ह्यांच्या नावावर असेल. पण तिच्यात बसणारी लेकरं आपली आहेत, आणि स्टीअरिंगवर वाकलेला तो पोऱ्याही कुणाचं तरी लेकरूच आहे. त्यासाठी दोन प्रश्न विचारायला परवानगी कशाला हवी?